ग्रंथविक्रेत्याचा पुत्र : रॉबर्ट शूमान

पियानो हें वाद्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. कित्येकांनीं त्याच्यावर बोटें फिरविण्याची चोरटी हौसहि भागवून घेतली असेल. पेटीप्रमाणें त्यास भाता नसतो. पट्टी दाबली म्हणजे आंतील लहानशी हातोडी तारेवर आघात करिते आणि स्वर उमटतो. पायाखालील दांडी दाबून धरिली, तर बोट उचलल्यावरहि तो स्वर कांहीं काळ रेंगाळत राहतो व पुढच्या स्वरांत मिसळून जातो. ह्या वाद्यास शब्द उच्चारतां येत नाहींत. असें असूनहि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांतील कांहीं संगीतकारांनीं त्याच्याकडून काव्यें आणि कादंबऱ्या बोलविण्याचा उद्योग केला. फ्रांझ लिस्टनें पेट्रार्क ह्या इटालियन कवीच्या सुनीतांना पियानोच्या स्वरांचा वेष चढविला. शोपँनें आपल्या चार मोठ्या रचनांना बॅलड ह्या काव्यप्रकाराचें नांव दिलें. परंतु ज्याच्या हाडींमासीं वाङ्मय खिळलें होतें असा त्यांच्यांत एकच, आणि तो म्हणजे रॉबर्ट शूमान. त्याची जीवनकथा आम्ही येथें सांगणार आहों.

रॉबर्टचा जन्म ८ जून १८१० रोजीं जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत झ्विकाउ ह्या गांवीं झाला. पांच भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचा बाप ऑगस्ट शूमान हा ग्रंथविक्रेता व प्रकाशक होता. त्यास स्वतःलाहि लेखनाचा नाद असून त्यानें कादंबऱ्या लिहिल्या होत्या. स्कॉट आणि बायरन ह्या इंग्रजी ग्रंथकारांचीं पुस्तकें जर्मन भाषेंत आणण्याच्या कामीं तो गढलेला असे. अशा घरांत मुलाचीं खेळणीं पुस्तकेंच असावयाचीं. छापखान्याच्या शाईचा वास, कोऱ्या कागदांचे गठ्ठे, भिंतीस लागून उभीं असलेलीं कपाटें, ह्या सर्वांत रॉबर्टचें बालपण गेलें. चौदा वर्षांचा असतांनाच त्यानें बापाच्या एका चरित्रसंग्रहाकरितां मजकूर तयार करण्यास हातभार लाविला. १८२५ सालीं त्यानें शाळासोबत्यांचें एक वाङ्मयमंडळ स्थापिलें. मुलें एकत्र जमून जर्मन ग्रंथकारांचे ग्रंथ मोठ्यानें वाचीत व त्यांवर चर्चा करीत. गाण्याबजावण्याचा नादहि ह्याच वयांत लागला. बापानें मुलाचा कल ओळखून उत्तम पियानो विकत घेऊन दिला. आपला मुलगा कवि होणार कीं संगीतकार, हें त्या बिचाऱ्यास पाहावयास मिळालें नाहीं. १८२६ सालीं तो वारला. त्याच सुमारास रॉबर्टची एकुलती बहीणहि गेली. सोळा वर्षांच्या मुलावर हे दोन्ही आघात लागोपाठ झाले.

त्या दिवसांत त्याला ज्या ग्रंथकारानें आधार दिला, त्याचें नांव जाँ पॉल. आज त्याचे ग्रंथ जर्मनीबाहेर फारसे कोणी वाचीत नाहीं, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर ते वाचणें सोपेंहि नाहीं. कथा सांगतां सांगतां हा लेखक वाट सोडून भलत्याच रानांत शिरतो, मध्येंच हसवितो, हसूं ओठांवर आहे तोंच डोळ्यांत पाणी आणतो, आणि वाचक गोंधळला म्हणजे पुन्हां मूळ वाटेवर येतो. रॉबर्टनें त्याचीं पारायणें केलीं. स्वरांची गुंफण आपण संगीताच्या शिक्षकापेक्षां जाँ पॉलपासूनच अधिक शिकलों, असें त्यानें पुढें एका पत्रांत कबूल केलें आहे. १८२८ सालीं शाळा संपल्यावर तो प्रवासास निघाला, तो प्रथम बायरॉइट येथें, जेथें जाँ पॉलचें वास्तव्य होतें त्या गांवीं गेला. आणि म्युनिक येथें त्यानें कवि हाइने ह्याची गांठ घेतली. इतर मुलें राजवाडे पाहावयास जातात. हा पुस्तकांचे कर्ते शोधीत फिरला.

परंतु आईची इच्छा निराळी होती. विधवा स्त्री, हातीं असलेली पुंजी बेताची, धाकटा मुलगा स्वप्नाळू. त्यानें कायद्याचा अभ्यास करून प्रतिष्ठेनें पोट भरावें असें तिला वाटलें, ह्यांत तिचें काय चुकलें? तिच्या शब्दाखातर रॉबर्ट लाइप्झिग येथें व मग १८२९ मध्यें हायडेलबर्ग येथें कायदा शिकण्यास राहिला. नांव कायद्याचें, पण दिवस जाई पियानोवर. १८३० च्या वसंतांत फ्रँकफर्ट येथें त्यानें पागानिनीचें व्हायोलिन ऐकलें, आणि त्याचा जीव कायद्याच्या पुस्तकांत रमेनासा झाला. त्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्यानें आईस एक लांबलचक पत्र लिहिलें. काव्य आणि गद्य, किंवा संगीत आणि कायदा, ह्यांचा आपल्या मनांत वीस वर्षें झगडा चालू आहे. आतां निर्णय झाला पाहिजे. लाइप्झिगचे संगीतशिक्षक फ्रीड्रिख वीक ह्यांस तूंच विचार आणि ते सांगतील तें मला मान्य आहे, असा त्याचा आशय होता. त्या माउलीनें राग गिळून खरोखरच वीकला पत्र घातलें. मुलाच्या भाकरीची काळजी तिनें त्यांत लपविली नाहीं. जें खरें असेल तेंच सांगा, एवढीच विनंति तिनें केली. वीकचें उत्तर असें आलें कीं, मुलगा नेटानें व शिस्तीनें शिकेल तर तीन वर्षांत आपण त्यास मोठ्या वादकांच्या पंक्तीस नेऊन बसवूं. मात्र ही शिस्त त्याच्या अंगीं आहे कीं नाहीं ह्याची आपणांस शंका आहे. आईनें संमति दिली. मुलाचा निर्णय आपल्या मताविरुद्ध जात असतां परक्या माणसास प्रांजळपणें सल्ला विचारणाऱ्या ह्या आईचें नांव जोहाना ख्रिस्तियाना. संगीताच्या इतिहासांत तिच्या वांट्यास एखादीच ओळ येते. तिचा हक्क त्याहून अधिक आहे.

वीकची शंका खरी ठरली. तीन वर्षें धीर धरणें रॉबर्टच्या स्वभावांत नव्हतें. बोटांस लवकर बळ यावें म्हणून तो एका यंत्राच्या साह्यानें सराव करूं लागला. उजव्या हाताचें मधलें बोट निकामी झालें. यंत्रामुळें झालें कीं दुसऱ्या एखाद्या विकारामुळें, ह्याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. कांहींहि असो, १८३२ पर्यंत वादक होण्याची आशा संपुष्टांत आली. ज्याकरितां कायदा सोडला, आईचें मन मोडलें, तेंच हातून गेलें. मग त्याच्याजवळ उरलें काय? स्वर रचण्याची शक्ति, आणि लहानपणापासून वाचलेलीं पुस्तकें.

ह्याच काळांत त्याची ‘पापियाँ’ म्हणजे ‘फुलपांखरें’ ही रचना प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशीं जाँ पॉलची एक कादंबरी आहे. वाल्ट आणि वुल्ट हे जुळे भाऊ. वाल्ट भोळा, स्वप्नाळू, कविता करणारा. वुल्ट फटकळ, भटक्या, बांसरी वाजविणारा. दोघांचेंहि मन विना नांवाच्या एकाच मुलीवर बसलेलें. कादंबरीच्या अखेरीस एक मुखवट्यांचा नाच आहे. तेथें वुल्ट आपल्या भावाशीं वेषांची अदलाबदल करितो आणि वाल्टच्या सोंगांत विनाच्या मनांतलें गुपित काढून घेतो. तिचें प्रेम वाल्टवर आहे, आपल्यावर नाहीं, हें कळतांच तो घरीं येतो, बांसरी उचलतो, आणि ती वाजवीत वाजवीत रस्त्यानें कायमचा निघून जातो. वाल्ट खिडकींतून तो दूर जाणारा सूर आनंदानें ऐकत राहतो. भाऊ आपणांस सोडून चालला आहे ह्याची त्यास कल्पनाहि नसते.

रॉबर्टनें आपल्या प्रतींत ह्या प्रकरणांतील ओळींवर खुणा केल्या व आपल्या तुकड्यांचे अंक त्यांपुढें मांडले. एकंदर तुकडे बारा, बहुतेक मिनिटा-दोन मिनिटांचे. नाचांतील सोंगांत एक भला मोठा बूट चालत येतो. तेथें पियानोचे खर्जांतील स्वर जड पावलें टाकूं लागतात. शेवटच्या तुकड्यांत जुन्या काळचा ‘आजोबांचा नाच’ वाजतो. जर्मन घरांत लग्नसमारंभाच्या शेवटीं हाच नाच वाजविण्याची रीत होती. मग घड्याळाचे सहा ठोके पडतात. सर्वांत शेवटीं एकाच वेळीं दाबून धरिलेल्या स्वरांतून एक एक बोट क्रमानें उचललें जातें. नाद विरळ होत होत नाहींसा होतो, जसें दिवाणखान्यांतून एक एक पाहुणा निघून जावा. वुल्टची बांसरी ऐकूं येईनाशी होते, ती अशी.

येथें एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्याचा अवश्य विचार करावा. ही कादंबरी ज्यानें वाचली नाहीं, त्यास हें संगीत कळेल काय? रॉबर्टच्या वेळच्या श्रोत्यांचाहि ह्या बाबतींत गोंधळ उडाला. त्यानें स्वतः घरच्या माणसांना तें प्रकरण वाचावयास सांगितलें. पण पुढें एका पत्रांत असेंहि लिहिलें कीं, आपण शब्दांना स्वर लाविले नसून स्वरांना शब्द जोडले. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १८३७ सालीं त्यानें ‘रात्रीं’ ह्या नांवाचा एक खळबळजनक तुकडा लिहिला. लिहून पुरा झाल्यावर त्यांत त्यास हीरो आणि लियांडर ह्यांची ग्रीक कथा दिसूं लागली: प्रेयसीच्या मशालीच्या अनुरोधानें रोज रात्रीं समुद्र पोहून जाणारा तरुण, आणि अंधारांत उसळणाऱ्या लाटा. म्हणजे कथा मागून आली, संगीत आधीं. आमचें मत असें आहे कीं, ह्या मनुष्यानें पुस्तकांतून गोष्टी उचलल्या नाहींत. पुस्तकांनीं त्याच्या मनाची जी मशागत केली होती, तींतून स्वर उगवले, आणि उगवल्यावर त्यानें त्यांना ओळखीचीं नांवें दिलीं. म्हणून त्याच्या प्रत्येक सुरांत एखादा प्रसंग हुडकीत बसणें हा व्यर्थ खटाटोप होय. गोष्ट ठाऊक असली तर गोडी वाढते. नसली तरी आंधळ्याप्रमाणें चांचपडावें लागत नाहीं.

वाल्ट आणि वुल्ट ह्यांनीं मात्र रॉबर्टचा पिच्छा सोडला नाहीं. आपल्या स्वतःच्याच स्वभावाचीं दोन रूपें त्यानें निरनिराळ्या नांवांनीं उभीं केलीं: फ्लोरेस्टान हा तापट व धाडसी, युसेबियस हा सौम्य व विचारी. १८३१ सालीं शोपँ ह्या तोंपर्यंत जर्मनींत अपरिचित असलेल्या तरुणाच्या रचनेवर त्यानें जें परीक्षण लिहिलें, तें ह्या दोघांच्या संवादाच्या रूपानें! १८३४ सालीं मित्रांच्या साह्यानें त्यानें लाइप्झिग येथें एक संगीतविषयक नियतकालिक काढलें आणि दहा वर्षें तें चालविलें. त्यांत हे दोघे नेहमींचे लेखक. त्यांच्या मंडळीचें नांव त्यानें दाविदाचा संघ असें ठेविलें. शमुवेलाच्या पुस्तकांतील दावीद व पलिष्टी आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. जर्मन विद्यार्थी आपल्या बोलींत ज्यांस काव्य-कलेची चाड नाहीं अशा आत्मसंतुष्ट लोकांना पलिष्टी म्हणत. बाजारी व पोकळ संगीताविरुद्ध रॉबर्टचें हें युद्ध होतें. ‘कार्निव्हाल’ ह्या १८३५ च्या पियानो-रचनेच्या शेवटीं हा संघ पलिष्ट्यांवर चाल करून जातो, आणि पलिष्ट्यांच्या तोंडीं त्यानें तोच जुनाट ‘आजोबांचा नाच’ घातला आहे. थट्टा कशी करावी हेंहि तो जाँ पॉलपासून शिकला होता.

वीकच्या घरीं रॉबर्ट राहावयास आला तेव्हां वीकची कन्या क्लारा अकरा वर्षांची होती व तेव्हांच तिच्या वादनाची वाहवा होत होती. पुढें ती वयांत आल्यावर दोघांनीं विवाहाचा निश्चय केला. बापानें कडाडून विरोध केला. मुलीस रॉबर्टशीं बोलूं दिलें नाहीं, पत्रें बंद केलीं. अखेर उभयतांना न्यायालयांत जावें लागलें. कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकणाऱ्यास कायद्याचेंच दार ठोठावावें लागलें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. ह्या ताटातुटीच्या वर्षांत पियानो हेंच त्याचें पत्र लिहिण्याचें साधन झालें. १८३८ सालीं लिहिलेली ‘क्रायस्लेरियाना’ ही आठ तुकड्यांची रचना त्यांतील मुकुटमणि होय. तिचें नांव हॉफमन ह्या लेखकाकडून घेतलें आहे. हा हॉफमन पेशानें न्यायाधीश, वृत्तीनें संगीतकार आणि कीर्तीनें अद्भुत कथांचा लेखक. त्यानें क्रायस्लर नांवाचा एक अर्धवेडा, तीव्र संवेदनेचा संगीतशिक्षक निर्माण केला. एका कादंबरींत तर त्यानें गंमतच केली आहे: मुर नांवाचें मांजर आत्मचरित्र लिहितें आणि टिपकागद म्हणून क्रायस्लरच्या चरित्राचीं पानें फाडून वापरतें, छापणारा तीं सर्व पानें सरमिसळ छापून टाकतो. मांजराची फुशारकी व कलावंताची वेदना ह्यांची पानें एकाआड एक वाचावीं लागतात. रॉबर्टच्या रचनेंतहि वादळी व शांत तुकडे असेच एकमेकांस अडवीत येतात. ही रचना त्यानें शोपँला अर्पण केली. परंतु तिच्यांत मुख्य जागा क्लाराच्या विचारानेंच व्यापिली आहे असें त्यानें तिला लिहिलें. त्याच वर्षींच्या ‘बालदृश्यें’ ह्या तेरा चिमुकल्या तुकड्यांविषयीं वेगळें सांगावयास नको. त्यांतील ‘स्वप्नरंजन’ हा तुकडा जगभर वाजविला जातो.

न्यायालयानें अनुमति दिली, आणि १२ सप्टेंबर १८४० रोजीं, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, विवाह झाला. त्या एका वर्षांत रॉबर्टनें शंभराहून अधिक गीतें रचिलीं. हाइने, आयखेनडॉर्फ, शामिसो अशा कवींच्या कविता त्यानें हातीं घेतल्या. ह्या गीतांत पियानो गवयाची नुसती साथ करीत नाहीं. हाइनेच्या कवितांच्या मालेंत शेवटच्या गीतीं कवि आपलीं जुनीं गाणीं व जुनें दुःख एका प्रचंड पेटींत घालून समुद्रांत बुडवितो. कवीचे शब्द कडवट आहेत. ते संपतात, गाणारा गप्प राहतो, आणि मग एकटा पियानो कितीतरी वेळ बोलत राहतो. त्या बोलण्यांत कडवटपणा नाहीं, क्षमा आहे. कवीनें जें लिहिलें नव्हतें, तें संगीतकारानें तेथें लिहिलें असें आम्हांस वाटतें.

त्याच्या वाचनांत आपल्या देशाचाहि थोडा संबंध आला, तो जातां जातां सांगतों. टॉमस मूर ह्या आयरिश कवीच्या ‘लाला रूख’ काव्यांतील एका परीची कथा त्यानें गायकवृंदाकरितां घेतली व ४ डिसेंबर १८४३ रोजीं लाइप्झिग येथें ती सादर केली. स्वर्गाच्या दारीं योग्य भेट आणील तरच त्या परीस आंत प्रवेश मिळावयाचा असतो. तिची पहिली भेट हिंदुस्थानांतील आहे: गझनीच्या महमुदाशीं झुंजतां झुंजतां पडलेल्या वीराच्या रक्ताचा शेवटचा थेंब. तीहि पुरेशी ठरत नाहीं. दार उघडतें तें पश्चात्ताप पावलेल्या पाप्याच्या अश्रूनें.

१८४८ सालीं थोरली मुलगी मेरी सात वर्षांची झाली. तिच्या वाढदिवसासाठीं रॉबर्टनें कांहीं सोपे तुकडे लिहिले. ते वाढत वाढत त्रेचाळीस झाले आणि ‘बालसंग्रह’ ह्या नांवानें छापले गेले. पियानो शिकणारीं मुलें त्यांतील ‘आनंदी शेतकरी’ व ‘रांगडा घोडेस्वार’ अद्यापि वाजवितात. एक तुकडा मित्र मेंडेलसोन ह्याच्या मृत्यूच्या तारखेचा आहे, एक प्रार्थनागीताचा, एक अरबी कथांतील शेहेरजादेचा. ह्या संग्रहाकरितां त्यानें तरुण शिकाऊंस उपदेशाचे नियमहि लिहिले. नेटानें सराव करा, दुसऱ्यांबरोबर गा, घाई करूं नका, हें तर त्यांत आहेच; पण सरावानें थकलां म्हणजे कवींचे ग्रंथ वाचा, असाहि एक नियम आहे. मुलाच्या हातीं काव्य किंवा कादंबरी दिसली म्हणजे अभ्यास बुडाला असें समजणाऱ्या पालकांनीं हा नियम एकदां नजरेखालून घालावा. घाईनें स्वतःचा हात गमावलेल्या मनुष्यानें हे नियम लिहिले आहेत, हेंहि विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें.

उत्तरायुष्याची हकीकत दुःखद आहे. १८५० सालीं तो ड्युसेलडॉर्फ येथें वाद्यवृंदाचा संचालक झाला. परंतु दहा माणसांपुढें तोंड न उघडणाऱ्या मनुष्यास शंभरांवर हुकमत चालविणें जमलें नाहीं. १८५३ च्या शरद् ऋतूंत वीस वर्षांचा ब्राम्स त्याच्या दारीं आला. रॉबर्टनें त्याचें वादन ऐकलें आणि कित्येक वर्षें बाजूस ठेविलेली लेखणी उचलून, आपल्या जुन्या नियतकालिकांत ह्या तरुणाचें नांव जर्मनीस कळविलें. ह्याच सुमारास तो एक निराळाच संग्रह करण्यांत गुंतला होता. प्राचीन ग्रंथकारांपासून शेक्सपियर व जाँ पॉल ह्यांच्यापर्यंत संगीताविषयीं जीं वचनें आढळतील, तीं निवडून त्यांची एक ‘कवींची बाग’ करावी असा त्याचा मानस होता. कानांत अखंड स्वर घुमूं लागले, रात्रींची झोंप उडाली, तरी हें वेंचण्याचें काम तो करीत राहिला.

२७ फेब्रुवारी १८५४ रोजीं रस्त्यांत कार्निव्हालचीं सोंगें फिरत होतीं. भर पावसांत तो घरांतून निघून गेला आणि पुलावरून त्यानें ऱ्हाईन नदींत उडी घेतली. नावाड्यांनीं त्यास बाहेर काढलें. आपल्या हातून घरच्यांस अपाय होईल ह्या भीतीनें त्यानें स्वतःच रुग्णालयांत जाण्याची इच्छा दर्शविली होती. बॉनजवळील एंडेनिख येथें त्यास ठेवण्यांत आलें. क्लाराबाईंना भेटण्याची वैद्यांनीं मनाई केली. त्यांच्या सर्वांत धाकट्या मुलाचा जन्म त्याच वर्षीं जूनमध्यें झाला. बापानें तो मुलगा कधींहि पाहिला नाहीं. तेथें तो नकाशांचें पुस्तक उघडून गांवांचीं नांवें वर्णानुक्रमानें लिहीत बसे. अडीच वर्षांनीं, जुलै १८५६ मध्यें, क्लाराबाईंना बोलावणें आलें. त्यानें त्यांना ओळखलें आणि मोठ्या कष्टानें एक हात त्यांच्या गळ्याभोंवतीं टाकला. २९ जुलै रोजीं तो वारला. वय अवघें शेचाळीस वर्षांचें.

क्लाराबाईंच्या पदरीं सात मुलें होतीं. त्यांनीं शोक बाजूस सारून गांवोगांवीं वादनाचे कार्यक्रम केले, मुलें वाढविलीं, आणि जेथें जातील तेथें पतीच्या रचना वाजवून लोकांच्या कानीं घातल्या. पुढें ब्राम्सच्या साह्यानें त्यांनीं ह्या सर्व रचनांची शुद्ध आवृत्ति छापविली. २० मे १८९६ रोजीं फ्रँकफर्ट येथें त्यांचें निधन झालें. त्यांचा देह बॉन येथें नेऊन पतीच्या शेजारीं पुरण्यांत आला.